हाक मारल्याचा आरोप

वैशाख अर्धा सरला की सांडोरच्या बावखलाला वास सुटतो. पाणी खाली जातं, कडेचा गाळ उघडा पडतो, जलपर्णीची मुळं उन्हात तापतात, आणि कुजलेलं पान, शेवाळ, मरळ मासा अशा सगळ्यांचा मिळून एक जाड, ओला वास केळीच्या ओळींतून फिरायला लागतो. मी राहते माणिकपूरला, स्टेशनापासून पाच मिनिटांवर. तिथे तो पोचत नाही. तिथे रिक्षांचा धूर आणि वड्यांचं तेल यांनी जागा अडवून ठेवलेली असते. मला तो वास फोनवरून कळतो. परवा सकाळी सुमनकाकीचा फोन आला. तिने दोनच शब्द उच्चारले. "वास सुटला."

लोकांना मोगऱ्याच्या वासाने माहेर आठवतं. मला गाळाच्या वासाने एक इंग्रजी क्रियापद आठवतं. प्रोव्होक. गेल्या वर्षी याच दिवसांत ते माझ्या घरी रजिस्टर पोस्टाने आलं होतं.

वसईबाहेरच्या वाचकाला बावखल म्हणजे काय ते सांगायला हवं. वाडीत मुद्दाम खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं, आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवतं. पूर्वी त्यावर रहाट असायचे आणि केळी, पानवेली, भाजी त्याच्या जिवावर उभी राहायची. एका बावखलावर अनेक घरांचा हक्क असतो. सुमनकाकीच्या बावखलावर तेवीस घरांचा आहे. काही हिंदू, काही ख्रिस्ती. बोली वेगळ्या, सण वेगळे, भांडणं मात्र सगळ्यांची एकच: पाणी कुणी किती घेतलं.

आणि मी कोण? मी कुणीच नाही. आमचं कुटुंब मूळचं चिपळूणकडचं. बाबा कारकुनी करून निवृत्त झाले, फ्लॅट हप्त्यांवर फिटला, वसईत आमची ना वाडी ना विहीर. मी पत्रकं लिहिते. कुठे झाडं तोडली, कुठे मिठागर बुजवलं, कुठे नाल्यावर गाळे उठले, की मी एका पानात मावेल इतकं लिहिते, झेरॉक्स काढते आणि बाजाराच्या तोंडाशी उभी राहून वाटते. पत्रकाची एक शिस्त असते. पहिल्या ओळीत माणूस थांबला पाहिजे, तिसऱ्या ओळीत त्याला राग आला पाहिजे, शेवटच्या ओळीत त्याला कळलं पाहिजे की रविवारी किती वाजता कुठे यायचं. ही शिस्त अंगात मुरली की माणसाचं बोलणंही तसंच होतं. आई म्हणायची, "तुला मीठ मागितलं तरी तू घोषणा देतेस."

सुमनकाकीची ओळख बाजारातच झाली. सत्तरीची बाई, डोक्यावर सुकेळ्यांची, म्हणजे उन्हात सुकवलेल्या केळ्यांची पाटी. माझं मिठागराचं पत्रक तिने हातात घेतलं, उलटं केलं, मागची बाजू कोरी बघून म्हणाली, "चांगलाय कागद. सुकेळी बांधायला होईल." मग दोन पावलं जाऊन परत आली. "आमच्या बावखलात डंपर राबिट टाकतोय. त्याचं पण लिहिशील काय?"

बावखलाचा पश्चिमेचा काठ मेल्विनचा. त्याचे वडील वारल्यापासून घर तोच चालवतो. त्याला तिथे लग्नकार्यांसाठी लॉन करायचं होतं. काठ त्याचा, पाणी सगळ्यांचं, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण डंपर काठावरून मागे घेतला की राबिट आपोआप पाण्यात घसरतं, आणि घसरलेलं कोण मोजतो? मी गेले तेव्हा पश्चिमेचा कोपरा फुटक्या टाइल्स, कमोडचे तुकडे आणि सिमेंटच्या ढेकळांनी भरून गेला होता. काठावरच्या भेंडीच्या झाडावर एक खंड्या बसला होता. जिथे रोज सूर मारायचा त्या जागेकडे बघत, बराच वेळ.

त्या रात्री जेवायच्या आधीच मी पत्रक लिहून काढलं आणि दुसऱ्या दिवशी पास्कोलसरांना दाखवायला नेलं. पास्कोलसर त्याच आळीतले. तरुणपणी चार वर्षं सेमिनरीत होते, फादर व्हायचं सोडून बाहेर आले आणि आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. माझं प्रत्येक पत्रक ते तपासतात. लाल पेन्सिल, आणि प्रश्नचिन्ह असं की खाली माशाच्या गळासारखा आकडा. मी लिहिलं होतं, "एका लोभी माणसाने आपलं पाणी गिळंकृत केलं." 'लोभी'समोर त्यांनी गळ टाकला आणि लिहिलं, "पुरावा?"

"सर, तो कोपरा बघितलात ना?"

"कोपरा बघितला. त्याचं मन नाही बघितलं. तू बघितलंस?"

मेल्विन त्यांचा सख्खा पुतण्या. ही गोष्ट मी तेव्हाच मनात टिपून ठेवली. दुरुस्त्यांचा मी फोनवर फोटो काढला, 'लोभी' तसंच ठेवलं आणि निघाले. लाल खुणांचा तो कागद त्यांच्या टेबलावरच राहिला.

पत्रकाने डंपर थांबत नाही, हे सुमनकाकीला माझ्या आधी कळलं. ती म्हणाली, "माणसं पाण्यात उभी राहिली तर राबिट कुठे टाकेल?" आणि मग तिने मला हाकेची रीत सांगितली.

दर वैशाखात बावखल साफ करायचं. घरटी एक माणूस. नळ आल्यापासून आठेक वर्षं ते बंदच पडलं होतं. पण पूर्वी हे कसं व्हायचं? तेवीस घरांत कुणाचं कुणाशी पटत नव्हतं. एकाने बोलावलं तर दुसरा म्हणणार, हा कोण मला हुकूम सोडणारा? म्हणून हाक मारणारा नेहमी बाहेरचा. ज्याचा पाण्यात वाटा नाही, असाच. जूचंद्रहून बैलगाडीत पेंढा घेऊन येणारा एक माणूस होता, तो हे काम करायचा. प्रत्येक दारासमोर उभा राहून घरातल्या वडीलधाऱ्याचं नाव घ्यायचा आणि त्याच्या आगरी बोलीत ओरडायचा, "पानी बोलावतंय, चला होऽ!" तीन हाका. चौथी नाही. ओटीवर चढायचं नाही, सगळी घरं होईपर्यंत कुठे घोटभर पाणीही प्यायचं नाही, नाहीतर हाक मारणारा त्या घराचा होतो. तो गेला तरी हाक त्याच्याच बोलीत राहिली. सुमनकाकी एरवी स्वच्छ 'पाणी' म्हणते, पण हाक शिकवताना म्हणाली, "पानी म्हणायचं. पाणी म्हटलंस तर कुणी उठणार नाही."

"आणि एकही घर सोडायचं नाही हां, बाय."

मी वहीत तेवीस नावं लिहून घेतली. घरी येऊन मेल्विनच्या नावावर काट मारली. ज्याने बुजवलं त्यालाच साफ करायला बोलवायचं? हा काय विनोद आहे? तो पोलीस बोलावेल, माणसं फोडेल, आदल्या रात्रीच डंपर उभे करेल. माझं गणित सरळ होतं. सगळे म्हणजे आपल्या बाजूचे सगळे.

त्या रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर मी बावीस दारांत उभी राहिले. पहिल्या दारात आवाज फुटेना. पत्रक वाटताना माणूस कागदामागे लपू शकतो, हाकेत लपायला काही नसतं. तिसऱ्या घरी एक म्हातारा ओटीवर वर्तमानपत्र वाचत होता. माझ्या तोंडून "पानी बोलावतंय" ऐकून त्याने पेपर खाली घेतला, चष्मा काढला, माझ्याकडे नीट बघितलं आणि आत ओरडला, "अगो, माझी जुनी चड्डी दे. बावखलाची हाक आली." बारावं घर होईपर्यंत माझ्या मागे घमेली वाजायला लागली होती.

माणसं गुडघाभर चिखलात उतरली. जलपर्णीचे ढीग काठावर चढले. गाळ हातोहात केळीच्या बुंध्याकडे जायला लागला. दहा वर्षं एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ एकाच साखळीत शेजारी शेजारी उभे होते आणि अजूनही बोलत नव्हते, पण घमेलं मात्र एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात होतं. साडेदहाला डंपर आला. मागे येताना वाजतो तसा टूं टूं वाजत काठाशी आला आणि पाण्यात माणसं बघून थांबला. मेल्विन मोटारसायकलवर मागोमाग. "कोणी बोलावलं यांना? कोणी बोलावलं?" एवढंच तो ओरडत राहिला. ड्रायव्हरने गाडी आणखी हातभर मागे घेतली. तेव्हा कुठूनतरी गाळाचा एक गोळा उडाला आणि डंपरच्या काचेवर फच्चकन बसला. सगळे हसले. डंपर निघून गेला. मेल्विन हसणाऱ्यांकडे बघत उभा राहिला, एकेकाचा चेहरा, सावकाश. मग तोही गेला.

नोटीस आठवड्याने आली. मुंबईच्या वकिलाची, चार पानं, इंग्रजीत. त्यात लिहिलं होतं की मी, एक बाहेरची व्यक्ती, घरोघर जाऊन निरागस ग्रामस्थांना प्रोव्होक केलं आणि त्यातून त्यांच्या हातून दंगेखोर वर्तन घडलं. पंधरा दिवसांत सोबतच्या हमीपत्रावर सही करायची: होय, मीच प्रोव्होक केलं, यापुढे या वाडीत पाऊल ठेवणार नाही. सही न केल्यास फौजदारी. आणि शेवटी पुरावा म्हणून माझ्या पत्रकाची झेरॉक्स. मी ती उजेडाकडे धरून बघितली. 'लोभी'समोर गळासारखं प्रश्नचिन्ह होतं. "पुरावा?" लाल रंग झेरॉक्समध्ये काळा झाला होता, पण अक्षर पास्कोलसरांचं.

बाबांनी नोटीस तीनदा वाचली. मग चष्मा पुसत म्हणाले, "सही करून टाक. आपलं काय आहे तिथे? एक विहीर तरी आहे का?"

"खोटं कसं लिहू, बाबा?"

"खोटं काय त्यात? तू गेली नव्हतीस घरोघर? उद्या नोकरीला पोलीस व्हेरिफिकेशन लागलं की काय सांगशील? पाणी बोलावत होतं?"

गेले तर होतेच. ओरडले तर होतेच. माणसं माझ्या ओरडण्यानेच उठली होती. त्या शब्दाने मला बरोबर कोपऱ्यात गाठलं होतं.

कॉलेजात असताना वक्तृत्व स्पर्धेत मला बक्षीस मिळालं होतं. प्रमाणपत्रावर परीक्षकांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, अत्यंत थॉट प्रोव्होकिंग भाषण. आईने ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. नोटीस हातात घेऊन मी त्या फ्रेमसमोर उभी राहिले. तेच क्रियापद. विचारांना केलं तर काचेत, माणसांना केलं तर कोर्टात. म्हणजे विचार सभागृहात बसून राहिले, टाळ्या वाजवून घरी गेले, तर कौतुक. त्यांना पाय फुटले, हातात घमेलं आलं, की गुन्हा. मला तेव्हापासून कुणी 'थॉट प्रोव्होकिंग' म्हटलं की संशय येतो. तो माणूस खात्री करून घेत असतो की यातून काही होणार नाही.

मी मराठीत शोधायला लागले. शब्द कमी नाहीत. डिवचणे, म्हणजे काठी. उचकवणे, म्हणजे बसलेलं उठवणे. भडकवणे, म्हणजे निखारा आणि वारा. डोकं फिरवणे, कान भरणे, खोडी काढणे, पेटवणे, चिथावणे. सगळ्यांत एक गोष्ट सारखी. करणारा एक, आणि ज्याला केलं जातं ते पोळं, निखारा, बैल, बारूद. माणूस कुठेच नाही. 'चिथावणीला बळी पडले' असं आपण रोज बातम्यांत वाचतो. बळी! वीस माणसं उन्हात चार तास गाळ उपसतात आणि वकील लिहितो, निरागस. त्यांच्या डोक्यात स्वतःचं काही नव्हतं, एका पोरीने ओरडून भरलं. हे वाचून मला माझ्यापेक्षा त्यांच्या वतीने जास्त राग आला. आणि मग लगेच शंका आली. मी माझ्या पत्रकात काय लिहिते? 'भोळ्या जनतेची दिशाभूल.' मीही त्यांना भोळंच म्हणते की. वकील आणि मी एकाच दुकानातून शब्द आणतो.

शेवटी मी पास्कोलसरांकडे गेले. खरं सांगते, शब्दाचा अर्थ विचारायला गेले नव्हते. त्यांचा चेहरा बघायला गेले होते. पुतण्याला कागद देणाऱ्या माणसाचा चेहरा कसा दिसतो ते बघायला. ते ओटीवर फणस फोडत बसले होते, हाताला तेल लावून. मी विचारलं, "सर, प्रोव्होक म्हणजे नेमकं काय?"

सरांचे डोळे उजळले. हे मला आणखीच संशयास्पद वाटलं.

"लॅटिन आहे. प्रोव्होकारे. प्रो म्हणजे पुढे, बाहेर. व्होकारे म्हणजे हाक मारणे, बोलावणे. आपल्या संस्कृतातली वाच् त्याच घराण्यातली." त्यांनी एक गरा माझ्या हातावर ठेवला. "म्हणजे मुळात काय? घराबाहेर ये म्हणून हाक मारणे. बस."

"राग आणणे नाही?"

"ते मागून चिकटलं. हाक मारून बाहेर बोलावतात ते कधी जेवायला, कधी भांडायला. रोमन लोक शत्रूला लढाईला बोलवायचे तेव्हाही हाच शब्द. पण त्यांच्या कायद्यात त्याचा आणखी एक उपयोग होता. अधिकाऱ्याने एखाद्या नागरिकाला फटक्यांची, मरणाची शिक्षा दिली, तर तो नागरिक ओरडू शकायचा, प्रोव्होको! मी हाक मारतो. कुणाला? लोकांना. मग अधिकाऱ्याला हात आवरावा लागायचा. हाक मारणं हा गुन्हा नव्हता, पोरी. हाक मारणं हा अपिलाचा हक्क होता."

पत्रकाची पहिली ओळ डोळ्यांसमोर छापून आली. पण सर तेलकट बोट उचलून म्हणाले, "फार खूश होऊ नकोस. शब्द कुठून आला ते सांगून तो आज कुठे राहतो ते बदलत नाही. वकील लॅटिन मागणार नाही. तो विचारेल, हाक मारलीस का, आणि मारलीस तर कोणाकोणाला."

"कोणाकोणाला" म्हणताना ते थोडे थांबले. मला वाटलं, आता बोलतील. बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. गरा गोड होता. मी तो संशयानेच खाल्ला.

सहीचा प्रश्न सुमनकाकीने निकालात काढला. हमीपत्राचा मराठी अर्थ ऐकून ती इतकी संतापली की हातातला कोयता तिने केळीच्या खोडात रुतवून ठेवला.

"मला चिथावलं म्हणतो? मला? माझ्या सासूने पन्नास वर्षांत चिथावलं नाही, ती काल आलेली पोर चिथावणार? तो गोळा कोणी मारला होता, माहिताय काय?"

"कोणी?"

"मी!" तिने उजवा हात वर करून दाखवला, जणू गाळ अजून लागला होता. "डंपरवर. नेम धरून. आता तू सही केलीस तर माझा गोळा तुझ्या नावावर जाईल. बघ हां, सांगून ठेवते."

मी सही केली नाही. एका ओळीचं उत्तर पाठवलं: मी हाक मारली, आले ते आपल्या पायांनी आले. बाबा पंधरा दिवस दाराची बेल वाजली की उठून उभे राहायचे. सोळाव्या दिवशी काही झालं नाही. महिन्यानेही नाही. डंपर पुन्हा आला नाही, कोपऱ्यातलं राबिटही कुणी उचललं नाही. ते तसंच आहे, त्यावर आता एरंड उगवलाय. नोटीस मेली की झोपलीय, मला माहीत नाही. काही न होणं मला सगळ्यात संशयास्पद वाटतं.

वर्षभर मी पास्कोलसरांकडे गेले नाही. पत्रकं स्वतःच तपासली. त्यांत चुका राहिल्या. दोन वेळा सरांनी बाजारात हात केला, मी बसच्या पाटीकडे बघत राहिले.

तर परवा वास सुटला म्हणून मी सांडोरला गेले. सुमनकाकी अंगणात सोनचाफ्याच्या कळ्या मोजून पानांत बांधत होती. न बघताच म्हणाली, "उद्याच्या रविवारी हाका. यंदा तरी मेल्विनचं घर सोडू नकोस."

"तुला कसं माहीत, मी सोडलं होतं?"

"सगळ्या आळीला माहीत. तो काठावर उभा राहून काय ओरडत होता? 'कोणी बोलावलं, कोणी बोलावलं?' तुला वाटलं, इतरांना बोलावलं म्हणून ओरडतोय?" तिने पानाला दोरा गुंडाळला. "त्याचा बाप होता तेव्हा पहिली हाक त्यांच्या दारात पडायची. आणि रीत अशी की ज्याचा कसूर, त्याला तर आधी बोलवायचं. पाण्यात उतरला की भांडण अर्धं होतं. तेवीस घरांतलं एक घर हाकेबाहेर ठेवलंस तू. सगळ्या गावासमोर. पेटणार नाही तर काय करेल?"

मी एक कळी उचलून तिच्या पानात ठेवली.

"पास्कोलमास्तर गेले होते त्या संध्याकाळी त्याच्याकडे. तुझा कागद खिशात घालून. म्हणाले, तुझी हाक राहिली, ही घे, पुढच्या खेपेला ये. त्याने कागद घेतला आणि वकिलाकडे पाठवला."

म्हणजे सगळा वर्षभराचा संशय त्या एका काट मारलेल्या नावावर उभा होता. मी बावीस घरांना बोलावलं त्यावर नोटीस आली, असं मला वाटत होतं. ती तेविसाव्याला न बोलावल्याची होती. वकिलाने फक्त तिला इंग्रजी कपडे घातले होते.

मी तशीच पास्कोलसरांकडे गेले. ते ओटीवरच होते. मी पायऱ्यांशी उभी राहून म्हटलं, "कागद तुम्ही दिला होता."

"हो."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस. तू शब्दाचा अर्थ विचारायला आली होतीस, तो सांगितला."

"सर, वर्षभर मी तुम्हाला..."

"कळलं होतं. बसच्या पाटीवर एवढं काय वाचायचं असतं?" ते हसले नाहीत. "माझीही चूक आहे. म्हटलं, शिकवलेलं आहे, स्वतः शोधून काढेल. मास्तरांना ही वाईट खोड असते. आणि 'लोभी'चा पुरावा अजून आणलेला नाहीस."

मी त्यांची माफी मागितली. मेल्विनची मागणार नाही. राबिट त्यानेच टाकलंय, त्याचा पुरावा पाण्यात पडलाय आणि त्याला एरंड फुटलाय. हाक न मारणं ही माझी चूक आणि बावखल बुजवणं हा त्याचा गुन्हा. ही दोन वजनं एकाच तराजूत टाकायला मी तयार नाही. पण हाक वेगळी. हाक चूक-बरोबर बघून मारायची नसते. ती आधी मारायची असते.

काल रविवार होता. मिस्सा सुटल्यावर पहिल्यांदा मी मेल्विनच्या गेटसमोर उभी राहिले. लोखंडी गेट, वर कॅमेरा. ओरडले, "मेल्विन होऽ! पानी बोलावतंय, चला होऽ!" काही नाही. आत कुठेतरी मिक्सर चालू होता. दुसरी हाक. मिक्सर थांबला. तिसरी हाक मारताना आवाज चिरकला. नियमाप्रमाणे चौथी नव्हती, मी वळणार इतक्यात दार उघडलं.

मेल्विन बाहेर आला. उजव्या हातात मोबाइल, माझ्या तोंडावर रोखलेला. "मॅडम, रेकॉर्डिंग चालू आहे. काय बोलत होतात, परत बोला."

"तीनदा बोलले. रेकॉर्ड झालं असेल."

त्याच्या पायांत गमबूट होते. माणूस घरात मिक्सर लावताना गमबूट घालत नाही, हे मला दिसलं. पण मोबाइलही दिसत होता. दोन्हींतल्या कशावर विश्वास ठेवायचा ते ठरेना म्हणून मी पुढच्या घराकडे चालायला लागले. मागे रबराचे बूट वाजत होते. तेविसाव्या घरापर्यंत वाजत राहिले. मी मागे बघितलं नाही. म्हटलं, पुरावे गोळा करतोय. एकेक दार, एकेक चेहरा, जमवतोय.

बावखलावर सगळे जमले तेव्हाही मोबाइल वरच होता. काकीखेरीज कुणी पाण्यात उतरेना. पास्कोलसर काठावर खुर्ची टाकून बसले होते. सुमनकाकी गुडघाभर चिखलातून वर आली, काठोकाठ गाळाने भरलेलं घमेलं घेऊन, आणि सरळ मेल्विनच्या पुढ्यात उभी राहिली. घमेल्याला दोन हात लागतात. त्याचा एकच मोकळा होता.

"धर रे. किती वेळ धरून ठेवू? माझं वय काय?"

तो मोबाइलकडे बघत होता, घमेल्याकडे बघत होता. गाळातून पाणी निथळून काकीच्या कोपरांवरून खाली टपकत होतं.

"तुझ्या बापाच्या हाताला एवढा वेळ लागत नव्हता हां, मेल्विन."

त्याने मोबाइल उजव्या गमबुटात खोचला आणि दोन्ही हातांनी घमेलं घेतलं.

रेकॉर्डिंग बंद केलं होतं की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही.